चौघांची जीभ

बशी... पेल्यावर झाकलेली बशी, तिच्या कडेचा उडालेला टवका, आणि बशी उचलली तर आत पाणी रात्री होतं तेवढंच, काठाखाली बोटभर. रात्री तिनेच ते सासूबाईंच्या उशाशी भरून ठेवलं होतं. त्यात काही पडलेलं नव्हतं, काही बिघडलेलं नव्हतं, नुसतं न प्यायलेलं पाणी होतं ते — आणि न प्यायलेल्या पाण्याकडे बघून माणसाला इतकं दमायला कसं होतं, असं तिच्या मनात आलं. अजून दिवस सुरूसुद्धा झाला नव्हता.

"आई, प्यायला नाहीत ना?"

"प्यायले की थोडं." सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय..."

"भरपूर पाणी प्या. माहितीये मला." मग जरा थांबून, भिंतीलाच सांगावं तसं त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, मला आता वास येत नाही. त्यालाही सांग. तुमचंच बरोबर होतं."

आत दाढी करणाऱ्या नवऱ्याने ते ऐकलं. "बघ! म्हटलं नव्हतं तुला, आई?" फेसातून त्याचा आवाज आला. "घरात पाण्याची तज्ज्ञ बाई असताना तुला शेजारणीचं खरं वाटायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

बरेच दिवस चाललं होतं ते. पाण्याला मातीचा वास येतो, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ती प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायची, "आई, आम्ही रोज चाखतो. साफ आहे." हे सांगताना ती आवाज चढवायची नाही, चढवायची गरजच नव्हती, कारण त्या 'आम्ही'मध्ये तिच्याखेरीज आणखी तीन माणसं होती, पाणीपुरवठ्याची इमारत होती, यंत्रं होती, आणि समोर एकटी म्हातारी, ऐकायला कमी येणारी, कधीमधी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी. आता त्या शरण आल्या होत्या. वाद जिंकल्यावर माणसाला जरा बरं वाटायला हवं. तिने पेला मोरीत ओतला, विसळला, पुन्हा भरून बशी झाकली आणि उशाशी ठेवला. वास येत नाही म्हणतात, मग पीत का नाहीत... हा प्रश्न मनात अर्धा उठला आणि कामाची वेळ झाली म्हणून तिथेच बसला.

बिनवासाचा साबण, बिनवासाचं तेल, सकाळचा चहा नाही, कांदा तर गेल्या कित्येक वर्षांत सुट्टीच्या दिवसाखेरीज नाही. ती चाखणारी होती. शहराच्या नळाला जाणारं पाणी रोज सकाळी चार माणसं तोंडात घेऊन थुंकतात आणि मगच ते पुढे जातं, हे कुणाला सांगितलं तर लोक हसायचे. पगार मिळतो याचा? मिळतो की. यंत्रं विष शोधतात, जंतू शोधतात, पण काही वास असे असतात, अपायकारक नव्हेत, नुसतेच नकोसे, की जे यंत्राच्या आधी माणसाच्या नाकाला सापडतात. नाकालाच म्हणायचं, पण कामावर सगळे 'जीभ' म्हणायचे. 'जिभा आल्या का?' असं दारावरचा पहारेकरी विचारायचा. पुढे पुढे तो 'जीभ आली का?' असं विचारायला लागला, आणि त्यांनाही ते बरोबर वाटायला लागलं.

चौघं होते. मास्तर, जे पूर्वी खरोखरच शाळेत शिकवायचे आणि अजूनही बोट उचलल्याशिवाय कुणाला बोलू देत नसत, नर्सबाई, ज्यांनी दवाखाना सोडून आता जमाना झाला होता, लंबू, ज्याचा कंठमणी पाणी पितानाच नव्हे तर पाण्याचा विचार करतानाही वरखाली व्हायचा, आणि ती. तिला तिथे मधली म्हणत, कारण ती मध्ये बसायची. चारांत मधलं कोण, हा हिशेब कुणी कधी केला नाही.

सुरुवातीला, शिकाऊ असताना, तिला एक कुपी हुंगायला दिली होती आणि विचारलं होतं, कसला वास? तिने लगेच सांगितलं, जिन्याखालच्या पोत्याचा. तिच्या लहानपणीच्या घरी जिन्याखाली बटाट्यांचं पोतं असायचं, दमट, अर्धं रिकामं, आणि लपंडावात ती हमखास त्याच्यामागे लपायची — अंधारात तोंड त्या गोणपाटाला टेकलेलं, श्वास दाबून धरलेला, बाहेर भावंडांची पळापळ, आणि आपण इथे आहोत हे आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही याची ती पोटातली गुदगुली... शिकवणाऱ्याने मान हलवली. "याला मातकट म्हणायचं. पोतंबितं विसरा. तुमचं पोतं तुम्हालाच माहीत, दुसऱ्याला त्याचं काय?" बरोबरच होतं त्याचं. मास्तरांना त्याच कुपीत फळा पुसायचं ओलं फडकं आठवलं होतं, नर्सबाईंना आणखी काही. चौघांनी आपापली पोती, फडकी बाहेर ठेवली आणि आत फक्त 'मातकट' नेलं. मग 'कुबट', 'माशाळ', 'औषधी'. आणि यांपैकी काहीच नसेल तेव्हा 'साफ'.

नियम एकच होता. सगळ्यांनी चाखायचं, मग फेरीने बोलायचं, आणि एक जण वेगळा पडला तर त्याने पुन्हा चाखायचं. बाकीचे तिघं थांबतात. घाई नाही, रागावणं नाही. तो पुन्हा चाखतो आणि त्याला सापडतं. खोटं बोलत नाही हं कुणी — खरंच सापडतं! तिला स्वतःला कितीदा सापडलं होतं. मघाशी नसलेला औषधी वास तिघांचं ऐकल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला हळूच उमटायचा, घड्याळाची टिकटिक कुणी म्हटल्यावर ऐकू यावी तसा. हळूहळू वेगळं पडणंच बंद झालं. मास्तरांनी पेला खाली ठेवताना हवेत किंचित रोखला की काहीतरी आहे. नर्सबाईंची डावी भुवई उचलली की ते औषधी. लंबूचा कंठमणी अडला की माशाळ. हे ती बघत नव्हती. बघते आहे असं कुणी म्हटलं असतं तर तिला अपमान वाटला असता. तिला फक्त चव कळायची. आणि ती कळली की चौघं जवळजवळ एकदमच तोंड उघडायचे, एकच शब्द बाहेर पडायचा, आणि त्या क्षणी एक फार सुखाची गोष्ट व्हायची — आपण कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो ते कळेनासं व्हायचं. घरी, बाजारात, आरशात आपण एकट्या असतो, त्याचं ओझं तेवढा वेळ खाली ठेवलेलं असायचं. "पाचामुखी परमेश्वर," मास्तर म्हणायचे, "आपण चारच. थोडक्यात हुकला बिचारा."

आज टेबल नव्हतं.

म्हणजे टेबल होतं, पण भिंतीला लावून ठेवलेलं आणि त्यावर खुर्च्या उलट्या. नव्या केमिस्टबाई दारात उभ्या होत्या. मुलीच्या वयाच्या, नम्र, आणि नम्रपणे माणसाच्या पायाखालचं काढून घेणाऱ्या.

"आज एकेकट्याने चाखायचं," त्या म्हणाल्या. "चार खोल्या मोकळ्या केल्यात. बऱ्याच घरांतून तक्रारी येतायत, मातीचा वास येतो म्हणून. यंत्रात काही नाही. तुम्ही रोज साफ म्हणताय. मला फक्त खात्री करायचीय."

"आमच्यावर अविश्वास?" मास्तरांनी बोट उचललं.

"तसं नाही हो मास्तर. आज एवढ्यापुरतं."

"खोल्या चार करा नाहीतर चाळीस," मास्तर तिघांकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं, "आपलं एकच आहे."

तिच्या वाट्याला सामानाची खोली आली. फळ्या रिकाम्या केलेल्या, एक खुर्ची, छोटं टेबल, थुंकायचं भांडं, आणि काचेच्या झाकणाखाली पेला. समोर भिंत. भिंतीवर पूर्वी काहीतरी टांगलेलं असावं, त्याचा फिकट चौकोन. बाहेरून केमिस्टबाई म्हणाल्या, "सावकाश. झालं की नुसतं सांगा," आणि दार लोटलं गेलं.

पेला कोमट होता, नेहमीसारखा, कारण कोमट पाणी वास लपवू शकत नाही. तिने तो गोल हलवला, झाकण सरकवलं, हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला — आणि सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे फळी होती. उजवीकडे फळी. पाणी तोंडात गरम व्हायला लागलं आणि तिला वाटलं, कुणीतरी यायचं राहिलंय, तो आला की सुरू करू. मग तिच्या लक्षात आलं की यायचं राहिलेलं माणूस आपणच आहोत... किंवा तसं काही. हे शब्द नंतरचे. त्या वेळी फक्त एक रिकामेपण होतं, पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या खोलीत असतं तसं. मी इथे बसले आहे, पाणी माझ्या तोंडात आहे, आणि मला काय लागतंय हे मला कळत नाही. मला कुणाला तरी विचारायचं आहे. स्वतःला काय लागतं ते मी दुसऱ्याला विचारणार आहे, वय झालं माझं आता, मुलं मोठी झाली, आणि मी...

आणि तेवढ्यात गोणपाट.

मातकट नव्हे. तो शब्द नव्हताच. जिन्याखालचा अंधार, ओठांना गोणपाट, दाबलेला श्वास — क्षणभर, पाण्याच्या अगदी तळाशी. ती दचकली. पाणी थुंकलं. हे कुठून आलं? सासूबाईंकडून, तिने स्वतःला सांगितलं. रोज उठून 'माती, माती' ऐकायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! एक वेगळा पडला तर त्याने पुन्हा चाखायचं. ती वेगळी पडली होती, हे तर उघडच होतं. पलीकडच्या तीन खोल्यांत या क्षणी तिघं जण साफ म्हणत होते, तिला ऐकू येत नव्हतं पण ठाऊक होतं. मास्तरांचा पेला हवेत रोखलेला नव्हता. नर्सबाईंची भुवई जागच्या जागी होती. तिने दुसरा घोट घेतला, त्यांच्यासोबत घेतला, आणि पोतं मागे मागे जात नाहीसं झालं.

"साफ," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. चांगला ठणठणीत.

कॅन्टीनमध्ये चहा पिता येत होता, काम झालं होतं. पण कुणी धड पीत नव्हतं. मास्तर साखर न घालता चमचा ढवळत बसले होते. यावरून त्यांची गंमत नेहमी लंबू करायचा, आज त्यानेही केली नाही.

"मला..." मास्तर म्हणाले आणि थांबले. बोट उचललं नव्हतं त्यांनी. "मला आज मातकट लागलं."

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. "मग तुम्ही तसं सांगितलंत?"

"साफ सांगितलं. म्हटलं, तुम्हा तिघांना साफ लागत असणार, माझीच जीभ म्हातारी झाली. पुन्हा चाखलं. मग साफ लागलं."

"अहो, मीही तेच केलं!" नर्सबाई म्हणाल्या. "मला तर पहिल्याच घोटाला लागलं. म्हटलं, मास्तर कधी चुकायचे नाहीत, त्यांना साफ लागलं असणार."

लंबू नुसताच मान हलवत होता. त्याचा कंठमणी वर गेला तो खाली येईना. "मलाही," तो म्हणाला. आणि मग सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

"मलाही," ती म्हणाली.

"थांबा, थांबा," लंबूने हात वर केला. "मग आपल्यात साफ लागलं कुणाला?"

चौघांनी साफ म्हटलं होतं आणि चौघांपैकी एकालाही ते साफ लागलेलं नव्हतं. मग म्हटलं कुणी? कुणीतरी होतं खास. इतकी वर्षं चौघांच्या मध्ये बसलेलं, चौघांच्या तोंडून बोलणारं, आणि स्वतःला जीभ नसलेलं. त्याच्या भरवशावर आपण निवांत होतो, असं तिला वाटलं, आणि ते आपल्या भरवशावर. हसू यायला हवं होतं. लंबूला आलंही थोडं. तिला फक्त झोपावंसं वाटलं.

"जाऊन सांगायचं का?" नर्सबाई म्हणाल्या.

"काय सांगायचं?" मास्तर म्हणाले. "आम्हाला मातकट लागलं, पण आम्हाला साफ लागलं? शाळेतलं पोर असं बोललं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं."

तेवढ्यात केमिस्टबाईच आल्या, ट्रे घेऊन, सरळ त्यांच्या टेबलाशी. चेहरा ओशाळलेला. "मला तुमची माफी मागायचीय," त्या म्हणाल्या. "चार वेगळ्या खोल्या, आणि चौघांचं उत्तर एकच. यापेक्षा जास्त खात्री कसली? उद्या सकाळी वर कळवून टाकते, तक्रारींत तथ्य नाही म्हणून. लोकांच्या मनाचे खेळ असतात, दुसरं काय."

मास्तरांनी तोंड उघडलं. उघडून तिघांकडे पाहिलं. तिघांनी मास्तरांकडे पाहिलं. हा तोच क्षण होता, रोजचा, चौघांचा शब्द एकदम बाहेर पडण्याचा — ती त्याची वाट बघत राहिली, बाकीचेही वाट बघत राहिले, आणि केमिस्टबाई ट्रे घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

"उद्या," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी बघू. आज अळीमिळी गुपचिळी."

आपण का बोललो नाही? घरी जाताना रस्ताभर तिला हेच लागून राहिलं होतं. भित्री होती म्हणून? थोडं तेही. पण खरं कारण आणखी वाईट होतं. खात्री असती तर ती बोलली असती; पण ते पोतं खरंच आलं होतं का? त्या खोलीत आलं होतं, की कॅन्टीनमध्ये मास्तर 'मातकट' म्हणाले त्यानंतर मागे जाऊन तिने ते तिथे ठेवलं? आधी मास्तर म्हणाले, मग नर्सबाई, मग लंबू, मग ती — फेरीने, नेहमीसारखीच, शेवटी तिने मान हलवली, नंदीबैलासारखी. आता तिला पोतं इतकं स्पष्ट आठवत होतं की त्याचाच संशय येत होता. उद्या चौघांनी मिळून केमिस्टबाईंना 'मातकट' सांगितलं, तरी ते कशावरून खरं? साफ म्हणणारंच आता मातकट म्हणायला लागलं नसेल कशावरून? आणि सासूबाई... घरात त्या एकट्या म्हणत होत्या. इतके दिवस, मुलगा हसत असताना, सून समजूत घालत असताना, एकटीने. आज सकाळी त्यांनी पुन्हा चाखलं होतं, आणि त्यांना साफ लागलं होतं. नियमाप्रमाणे.

याचं तिला एकदम फार वाईट वाटलं. रस्त्यात उभं राहून रडावं इतकं. मागून येणारा माणूस "अहो, चला ना" म्हणाला, तेव्हा ती चालायला लागली.

नवरा अजून आला नव्हता. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर. उशाशी पेला, पेल्यावर बशी. तिने पर्ससुद्धा न काढता बशी उचलली. काठाखाली बोटभर.

"आई, खरं सांगा. वास येतो ना?"

"नाही म्हटलं ना सकाळी."

"मग पीत का नाही?"

सासूबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. ते ती इतके दिवस बघत होती आणि तिने पाहिलं नव्हतं. "तुम्ही सगळे म्हणता नाही येत," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, नसेल येत. रोज रोज भांडायचं कुणी? पण पेला तोंडाशी नेला की... घशाखाली उतरत नाही गं. माझंच काहीतरी बिघडलंय बहुतेक."

"नाही. तुमचंच खरं असेल, आई."

"असेल कशाला? माझ्यासाठी नको म्हणूस काही." त्या जरा चिडल्या, आणि त्यांचं ते चिडणं तिला फार बरं वाटलं. "इतकी वर्षं तेच करतेस ना तू? मग पी, आणि तुला काय लागतं ते सांग."

तिने पेला उचलला. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या — आशेने, भीतीने, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं, आणि तिच्या डोळ्यांनी सवयीने ते वाचायला सुरुवातसुद्धा केली होती.

"तिकडे बघा," ती म्हणाली.

"का?"

"बघा ना. भिंतीकडे."

सासूबाई काही न विचारता वळल्या. त्यांची वाकलेली पाठ, मानेवरचे विरळ केस. तिने डोळे मिटले, घोट घेतला. पाणी थंड होतं. फिरवलं. मास्तर आले, त्यांना तिने दाराबाहेर थांबवलं. नर्सबाई, लंबू, नवऱ्याचं फेसातलं हसणं, तेही. मग सासूबाईंना थांबवलं, ते सगळ्यांत जड गेलं. पाणी तोंडात उबदार होत गेलं. काही येत नव्हतं. किंवा येत होतं, फार लांबून, आणि ते पोतं होतं की पोत्याची आठवण, की नुसती आशा, ते मला ओळखता येईना. पूर्वी अशा वेळी मी डावीकडे पाहिलं असतं. मी पाहिलं नाही. मी पाणी गिळलं — थुंकलं नाही, किती वर्षांनी गिळलं — आणि जिन्याखाली बसल्यासारखी श्वास दाबून बसून राहिले, बाहेर सगळे शोधत असताना.

"काय गं?" सासूबाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं. "काय लागलं?"

"थांबा, आई," मी म्हणाले. मला अजून कळलेलं नव्हतं. पण हे न कळणं मास्तरांचं नव्हतं, नर्सबाईंचं नव्हतं, सासूबाईंचंही नव्हतं. एवढ्या मोठ्या दिवसात तेवढंच एक माझं होतं, आणि ते मला इतक्यात कुणाला द्यायचं नव्हतं.